हुशार पोरगा, मोजका पगार आणि इंजिनिअरिंग प्रवेशाचा फॉर्म

सीईटीचा निकाल लागला की आमच्या भागात दोन गोष्टी लगेच घडतात. चौकात फ्लेक्स लागतो आणि त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी फोन येतो. "पुण्यात ॲडमिशन करून देतो, जागा मोजक्याच उरल्यात, उद्या टोकन भरा." फ्लेक्सवरच्या फोटोला घातलेला हार सुकायच्या आत घर घाबरलेलं असतं. मी बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे जून-जुलैत असे घाबरलेले पालक माझ्याकडे येऊन बसतात. प्रश्न एकच असतो: "सर, कुठल्या कॉलेजची फी किती आहे?"

प्रश्नच चुकलेला आहे. कॉलेजची फी ही दुकानातल्या वस्तूवर छापलेल्या किमतीसारखी असते, ती सगळ्यांनाच तेवढी पडत नाही. एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांपैकी एक पूर्ण फी भरत असतो, दुसरा निम्मी आणि तिसऱ्याचं शिक्षण शुल्क शून्य असतं. म्हणून विचारायचं ते असं: या कॉलेजात चार वर्षं शिकायला आपल्या घरातून किती रुपये जातील? हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, तो आपणच काढावा लागतो. इंजिनिअरिंगचं उदाहरण घेऊन तो कसा काढायचा ते सांगतो, कारण हुशार मुलांची सगळ्यात मोठी गर्दी अजून तिथेच आहे.

आधी पर्सेंटाइलचा गैरसमज काढू. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसतात. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात पहिला, हे खरं. पण त्याच्याही पुढे चार हजारांवर मुलं असतात. ९८.६ वाल्याच्या पुढे साधारण सहा हजार. आता पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज घ्या. तिथे कॉम्प्युटरची खुल्या गटातली यादी ९९.८ च्याही वर बंद होते. गावात पहिला आलेला मुलगा आणि सीओईपीची कॉम्प्युटर शाखा यांच्यामध्ये हजारो मुलं उभी असतात. त्यात मुलाचा काही दोष नाही, हे घरच्यांनी आधी स्वतःला पटवून द्यावं. नाहीतर "एवढे मार्क पडूनही नंबर लागला नाही" या चिडीतून माणूस मॅनेजमेंट कोट्याच्या टेबलाशी जाऊन बसतो आणि तिथेच बजेटचं कंबरडं मोडतं.

कॉलेजांचे प्रकार, पैशाच्या अंगाने

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. तिलाच सगळे कॅप म्हणतात. त्यातली कॉलेजं खर्चाच्या दृष्टीने तीन तऱ्हांची.

पहिली सरकारी आणि अनुदानित. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, माटुंग्याची आयसीटी १९३३ ची, सांगलीचं वालचंद १९४७ चं. ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. पण कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, अवसरी इथलीही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, नांदेडचं एसजीजीएस आहे, लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पुण्या-मुंबईबाहेरच्या या संस्थांकडे हुशार मुलांचे पालक का पाहत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. फी कमी, वसतिगृह आवारातच, शिक्षक टिकाऊ. तक्रार एकच ऐकू येते: "तिथे मॉल नाही." ती मुलांची असते, पालकांची नाही.

दुसरी खासगी विनाअनुदानित. यांची फी कॉलेज स्वतःच्या मर्जीने ठेवू शकत नाही. २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची, प्रत्येक अभ्यासक्रमाची फी ठरवून देतं आणि ती संकेतस्थळावर उघड असते. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलेला आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा जुळतो का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. जुळत नसेल तर वरचे पैसे कशाचे, ते लेखी मागावं.

तिसरी खासगी आणि अभिमत विद्यापीठं. यांच्या परीक्षा वेगळ्या, फी वेगळी, इमारती चकचकीत. बजेटवाल्या घराने त्यांच्याबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पुढे सांगतोय त्या राज्य सरकारच्या शुल्क सवलती तिथे लागू होत नाहीत. "आमच्याकडे मेरिट स्कॉलरशिप आहे" असं ते सांगतात आणि ती असतेही. पण अट वाचा. बऱ्याचदा ती पहिल्या वर्षाची असते, पुढे अमुक सीजीपीए (सत्रांच्या गुणांची सरासरी) टिकला तरच. गावातून गेलेल्या मुलाचं पहिलं सत्र जरा डगमगतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्या सवलतीवर चार वर्षांचा हिशेब मी कधीच बांधणार नाही.

सवलत नेमकी कशावर मिळते?

फीच्या पावतीवर साधारण तीन भाग असतात. शिक्षण शुल्क हा सगळ्यात मोठा. मग विकास शुल्क. आणि मग परीक्षा, ग्रंथालय, जिमखाना, अनामत अशी किरकोळ रांग. सरकारी सवलती मुख्यतः शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर असतात. विकास शुल्क आपल्याच खिशातून जातं. "सगळं फुकट आहे म्हणाले होते आणि आता वीस हजार मागतायत" ही तक्रार इथूनच येते.

खुल्या गटातल्या मुलासाठी मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. बोलीत ईबीसी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर ५० टक्के शिक्षण शुल्क सरकार भरतं. एका घरातल्या दोन अपत्यांपर्यंत. ओबीसी मुलग्यांनाही त्यांच्या विभागाच्या योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (फी माफी), दोन्ही वाटा आहेत.

मुलींचं चित्र २०२४ मध्ये बदललं. त्या वर्षीच्या जुलैतल्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी या गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळू लागली. याचा अर्थ एकाच घरातल्या भावाबहिणीला एकाच कॉलेजची किंमत वेगवेगळी पडते. भावाला जे कॉलेज परवडत नव्हतं ते बहिणीला परवडू शकतं. आणि तरीही "मुलगी आहे, जवळचंच कॉलेज बघू" असं म्हणणारे वडील मला दर वर्षी भेटतात. तेव्हा मी त्यांच्यासमोर कागद ठेवतो आणि बेरीज त्यांनाच करायला लावतो.

आता टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, शिक्षण शुल्क माफीच्या जागा. हुशार मुलाच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्याचाच. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्के जागा त्यांच्यावर जादा म्हणून दिलेल्या असतात. साठाच्या तुकडीत तीन. त्या जागेवर प्रवेश मिळाला की पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ. उत्पन्नाची मर्यादा इथेही ८ लाखच. जात-प्रवर्ग बघत नाहीत, गुणवत्ता बघतात. त्यामुळे या जागांची कटऑफ खुल्या गटाच्याही वर जाते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, टीएफडब्ल्यूएस हा वेगळा पर्याय म्हणून फॉर्मात भरावा लागतो. त्याच्या कोडच्या शेवटी टी असतं. नुसता उत्पन्नाचा दाखला जोडला म्हणजे ती जागा आपोआप मिळते असं नाही. दोन, या जागेवरून पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. "आत्ता सिव्हिल टीएफडब्ल्यूएसमधून घेऊ, दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला सरकू" हा बेत चालत नाही.

आयआयटी-एनआयटीची गोष्ट उलटी आहे. लोक आकडा ऐकूनच मागे सरतात. आयआयटीचं शिक्षण शुल्क वर्षाला २ लाख, एनआयटीचं सव्वा लाख. पण घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. म्हणजे पावणेपाच लाख कमावणाऱ्या घराला नागपूरच्या व्हीएनआयटीचं शिक्षण शुल्क वर्षाला ४२ हजारांच्या आत पडतं. पुण्यातल्या कितीतरी खासगी कॉलेजांपेक्षा कमी. तिथल्या निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, हा वरचा फायदा. वसतिगृह आणि मेस मात्र वेगळी, ती हिशेबात धरायची. तेव्हा जेईई मेनमध्ये बरे गुण असतील तर फी बघून जोसाचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाचा, फॉर्म टाळू नका, आधी आपलं उत्पन्न कुठल्या रकान्यात बसतं ते बघा. पाच लाखांची रेघ तिथे फार धारदार आहे. दाखल्यावर ४,९५,००० आणि ५,०५,००० यात दहा हजारांचा फरक. आयआयटीत तो वर्षाला सव्वा लाखावर जातो.

एका घराचा हिशेब

एक घर डोळ्यांसमोर धरू. बार्शीचं. वडील पतसंस्थेत नोकरीला, आई शिवणकाम करते, मिळून वर्षाला ४ लाख ८० हजार. खुला प्रवर्ग. मुलाने अकरावी-बारावी लातूरला केली, सीईटीला ९८.६. बहीण दहावीत. वडील पगारातून महिना ८ हजार बाजूला काढू शकतात, म्हणजे चार वर्षांत ३ लाख ८४ हजार. दीड लाखाची एक ठेव आहे. एकूण ताकद ५ लाख ३४ हजार. हा आकडा आधी काढायचा, कॉलेजांची नावं घेण्यापूर्वी. तो काढताना ठेव बहिणीच्या नावाची नाही ना, हेही आईला विचारायचं. खालचे फीचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. खरे आकडे त्या त्या वर्षीच्या यादीतून घ्या.

पुण्यातलं नावाजलेलं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर. शिक्षण शुल्क १ लाख ४० हजार, विकास शुल्क २० हजार. ईबीसीने ७० हजार वाचले, उरले ९० हजार. खोली, डबा, प्रवास धरून महिना १० हजार, अकरा महिने: १ लाख १० हजार. वर्षाचे २ लाख. चार वर्षांचे ८ लाख.

तेच कॉलेज, तीच शाखा, पण टीएफडब्ल्यूएस. शिक्षण शुल्क शून्य, विकास शुल्क २० हजार, राहणं १ लाख १० हजार. वर्षाचे १ लाख ३० हजार, चार वर्षांचे ५ लाख २० हजार. फॉर्मातल्या एका टी अक्षराचे पावणेतीन लाखांहून जास्त.

जिल्ह्याच्या गावचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स. शिक्षण शुल्क ३० हजार, त्यातले निम्मे गेले. इतर शुल्क १० हजार. वसतिगृह १० हजार. मेस दहा महिन्यांची ३० हजार. हातखर्च १० हजार. वर्षाचे ७५ हजार, चार वर्षांचे ३ लाख.

घराजवळचं खासगी कॉलेज, रोज एसटीने जाऊन-येऊन, कॉम्प्युटर. शिक्षण शुल्क ८० हजारांचे ४०, विकास शुल्क १०, पास आणि चहापाणी १५. वर्षाचे ६५ हजार, चार वर्षांचे २ लाख ६० हजार.

आणि ते चकचकीत विद्यापीठ. फी साडेतीन लाख, २५ टक्के स्कॉलरशिप वजा जाता २ लाख ६२ हजार ५००, वर राहण्याचे १ लाख १० हजार. चार वर्षांचे १४ लाख ९० हजार, तेही स्कॉलरशिप शेवटपर्यंत टिकली तर.

आता बघा काय दिसतं. घराजवळचं आणि सरकारी यांच्यात चार वर्षांत फक्त ४० हजारांचा फरक आहे. मग तिथे निर्णय पैशाचा राहिलाच नाही, कॉलेजचा आणि शाखेचा झाला. टीएफडब्ल्यूएसची पुण्याची जागा ताकदीत बसते, जेमतेम. साधी पुण्याची जागा घ्यायची तर २ लाख ६६ हजारांचं कर्ज. विद्यापीठासाठी साडेनऊ लाखांवर, आणि बहिणीची पाटी कोरी.

माझं मत विचाराल तर अडीच-तीन लाखांच्या कर्जाला भिऊ नये. कर्जाची वरची रेघ मी अशी आखतो: त्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मधल्या मुलाला पहिल्या वर्षी जेवढा पगार मिळतो, त्यापेक्षा एकूण कर्ज जास्त नको. 'मधला' हा शब्द महत्त्वाचा. कॉलेजच्या दारावरच्या फलकावर ४० लाखांचं पॅकेज मिळालेल्या एका मुलाचा फोटो असतो. त्या फोटोचा आपल्या मुलाशी संबंध नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था आपली माहिती संकेतस्थळावर टाकते. त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे तीन रकाने असतात. ते तीन आकडे वहीत लिहून घ्या. फलकावरचं आणि वहीतलं शेजारी ठेवलं की बरीचशी कॉलेजं आपोआप गळतात.

कर्जाचंच चाललंय तर: २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. यादीतल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण नाही, जामीनदार नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि नंतरच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज केंद्र भरतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तांत्रिक अभ्यासक्रमांना त्या काळातलं सगळं व्याज माफ होऊ शकतं. आपलं बार्शीचं घर त्या रेघेच्या ३० हजार वर आहे. अशा रेघा जागोजाग आहेत, म्हणून उत्पन्नाचा दाखला अंदाजपंचे काढू नका, खरा आणि वेळेत काढा. हप्त्याचा अंदाज हवा असेल तर ५ लाखांच्या कर्जाला साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता साधारण साडेसहा हजार बसतो.

फॉर्म भरताना

विकल्प अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. लोक वीस भरून थांबतात आणि मग हळहळतात. क्रम लावायचा नियम सोपा आहे: जे सगळ्यात जास्त हवं ते वर. "मिळेल का?" हा विचार क्रम लावताना करायचा नाही, तो यंत्रणा करते. वर लिहिलेला कठीण पर्याय हुकला म्हणून खालचा हातचा जात नाही.

मात्र 'हवं' या शब्दात आता पैसाही आला. म्हणून आपला हिशेबाचा कागद शेजारी ठेवून क्रम लावा. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन पर्याय असतील, तर टी असलेला वर आणि साधा खाली, हे तर उघड आहे. खरा प्रश्न वेगळा असतो. चांगल्या कॉलेजची साधी जागा वर की जरा कमी कॉलेजची टीएफडब्ल्यूएस वर? इथे माझ्याकडे एकच उत्तर नाही. बार्शीच्या घराला मी म्हणेन, दोन कॉलेजांच्या मध्यक पगारात फार अंतर नसेल तर टी वर घ्या. दोन लाख ऐंशी हजार म्हणजे त्या वडिलांच्या बचतीचे पस्तीस महिने.

२०२५ च्या प्रवेशात एक बदल झाला. चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर पक्का, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. त्यामुळे "सुरुवातीला एक सेफ टाकून ठेवू" म्हणून पहिल्या क्रमांकावर घराजवळचं कॉलेज लिहिणाऱ्याला पहिल्याच फेरीत तेच मिळतं आणि खेळ तिथेच संपतो. नियम दर वर्षी थोडे हलतात; त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नका. ती लांबलचक आणि रटाळ आहे, मान्य, पण शेजारच्या दादाच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवापेक्षा बरी.

मागच्या वर्षीची कटऑफ सीईटी कक्ष पीडीएफमध्ये टाकतो. ती उघडली की आधी डोकं गरगरतं, कारण शाखेच्या नावाखाली जी-ओपन-एच, एल-ओपन-ओ, जी-ओबीसी-एस असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला प्रवर्ग. शेवटचं अक्षर भौगोलिक: एच म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातली मुलं, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातली, एस म्हणजे राज्यपातळी. साधारणपणे ७० टक्के जागा एचला जातात आणि ३० टक्के ओला. सीओईपी, व्हीजेटीआय यांच्यासारख्या स्वायत्त सरकारी संस्थांत मात्र राज्यभराची एकच यादी, तिथे सगळे एस.

इथे आपल्या बार्शीकराची गंमत आहे. राहणारा सोलापूर जिल्ह्यातला, पण बारावी लातूरला केली. त्यामुळे त्याचं गृह विद्यापीठ सोलापूरचं नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. सोलापूरच्या कॉलेजात तो 'बाहेरचा' ठरतो आणि घराजवळच्या त्या खासगी कॉलेजची कटऑफ त्याने ओ रकान्यात बघायची. दोन वर्षांपूर्वी लातूरची खोली बघताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी अकरावीचं गाव ठरवताना ही ओळ पुन्हा वाचावी. आणि हो, त्यांनी सरकारी तंत्रनिकेतनाचाही विचार करावा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा अत्यल्प फीत होतो आणि चांगले गुण असले तर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हुशार पोराला पॉलिटेक्निकला घातलं म्हणून नाकं मुरडणारे खूप असतात, पण चार-पाच वर्षांनी त्यांच्याच तोंडी त्या पोराचं कौतुक असतं.

कॅपबाहेरच्या जागांबद्दल थोडक्यात. संस्था स्तरावरच्या, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या जागांवर ईबीसी मिळत नाही. बजेटवाल्या घरासाठी विषय तिथेच संपला. "फक्त नाव नोंदवायला" म्हणून कुठे पैसे भरलेच असतील आणि कॅपमधून चांगलं मिळालं असेल, तर शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास १,००० रुपये कापून बाकी परत मिळायला हवेत, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. रद्द केल्याचा अर्ज ऑनलाइन करा, पोच ठेवा.

शाखा की कॉलेज, हा वाद मी इथे पूर्ण उकलणार नाही. एवढंच सांगतो, की सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल घेतलेली माझी कितीतरी मुलं आज सॉफ्टवेअरमध्येच आहेत. आणि ज्यांना नावाच्या संस्थेचा शिक्का हवाच होता, ते गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला आयआयटीत गेले, तेही महिना १२,४०० विद्यावेतन घेऊन. नावाजलेलं शिक्षण परवडण्याची ही वाट चार वर्षांनी येते, पण येते.

कागद आणि खातं

मागच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त पैसे कशाने बुडाले असतील, तर उशिरा निघालेल्या दाखल्यांनी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस. हे सगळं निकालाची वाट न बघता काढून ठेवावं. नॉन-क्रीमीलेयरवरची ३१ मार्चची मुदत उलटून गेलेली नाही ना, हे दोनदा बघावं. राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. जोसासाठी केंद्राचा लागतो, कॅपसाठी राज्याचा. एकावर दुसरं काम होत नाही, आणि हे खिडकीवर गेल्यावर कळून उपयोग नसतो.

माझ्याच भाच्याची गोष्ट. ईबीसीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर वेळेत भरला, मंजूर झाला, कॉलेजने तोवर पूर्ण फी भरून घेतली होती. पैसे येईनात. वर्षभर तो महाविद्यालय आणि बँक यांच्यात येरझाऱ्या घालत होता. शेवटी कळलं की पैसे आले होते, पण आधार जोडलेलं खातं होतं आठवीत शाळेने उघडलेलं शून्य शिल्लकीचं. ते बंद पडलेलं, रक्कम परत गेलेली. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आधारला कुठलं खातं जोडलंय ते बघा आणि ते चालू आहे याची खात्री करा. पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज असतो, आणि मुलं दुसऱ्या वर्षी तो हमखास विसरतात.

राहण्याच्या खर्चालाही योजना आहेत. त्या फार कमी घरांना माहीत असतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. स्वाधारमध्ये पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. वरच्या हिशेबात पुण्याच्या राहण्याचे १ लाख १० हजार धरले होते, त्यातले साठ कमी करून बघा, सगळा क्रम बदलतो.

आता बार्शीच्या घराची यादी. मी लावली असती तर अशी: वर सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या ज्या शाखा मुलाला खरोखर आवडतात त्या. मग वालचंद. मग पुण्याच्या तीन-चार चांगल्या कॉलेजांचे कॉम्प्युटर आणि आयटीचे टी असलेले पर्याय. मग कराड आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजांचे कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल. त्याखाली पुण्यातल्या एक-दोन कॉलेजांच्या साध्या जागा, कर्जाची तयारी ठेवून. सगळ्यात शेवटी घराजवळचं कॉलेज. आणि जागा मिळाल्यावर हजर व्हायला जाल त्याच दिवशी, फीच्या रांगेत उभं राहण्याआधी, वसतिगृहाच्या कार्यालयाची खिडकी कुठे आहे ते विचारा. तिथली यादीही गुणवत्तेनेच लागते आणि तिचा फॉर्म बहुधा वेगळाच असतो.